काळी गिटार, पांढरीचे माप

मी, खाली सही करणारा, वय त्रेसष्ट, अविवाहित, धंदा विजेच्या गिटारींची दुरुस्ती व मंचावर त्यांच्या आवाजाची जुळवणी, आज गुरुवारी सकाळी माझ्या राहत्या घरी, कामाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. चहाखेरीज पोटात काही नाही. कोणी मला गोड बोलून यात ओढलेले नाही आणि कोणी धाकही घातलेला नाही. हे शेवटचे लिहिताना पेन जरा अडखळले. का, ते सहाव्या कलमात येईल.

लिहिण्याचे कारण असे, की माझ्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली असून येत्या सोमवारी शस्त्रक्रिया आहे. सर्जन कागदावर चित्र काढून म्हणाले, "घरचं सगळं नीट लावून या." मी विचारले, "म्हणजे?" त्यांनी चित्र घडी घालून माझ्या हातात दिले आणि पुढच्या माणसाला आत बोलावले.

कलम १. मी याआधी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम २. राहते घर, म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या, पैकी आतली झोपायची आणि रस्त्याकडची कामाची, आईच्या पश्चात आम्हा दोघा भावांच्या नावे निम्मेनिम आहेत. माझा निम्मा हिस्सा मी माझ्या धाकट्या भावाला देतो. त्याला पुढे 'धाकटा' असेच लिहिले आहे, कारण त्याच्या चौपन्नाव्या वर्षीही घरात त्याला दुसरे नाव नाही.

कलम ३. दुरुस्तीची हत्यारे, म्हणजे दोन सोल्डरिंग गन, कानशी, तारा मोजायची पट्टी आणि पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारी गुंडाळी, गुंडाळायचे हाताने फिरवायचे यंत्र, ही ज्याला खरोखर काम येते त्यालाच द्यावीत. आमच्या बँडमधल्या ड्रमवाल्याला यातले काहीही देऊ नये. तो मागायला येणार, हे मला माहीत आहे.

ड्रमवाल्यावर माझा राग जुना आहे. तीस वर्षे तो चारचौघांत एकच विनोद करत आला: "गिटार बदलली तर बदलली, अँप तेच ना? मग हा एवढा वेळ काय चुलीवर दूध ठेवून बसतो?" त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. ते इथे लिहितो, कारण पुढचे समजायला ते लागेल.

धाकटा दोन गिटारी वाजवायचा. पांढरीचे पिकअप बारीक, त्यातून येणारा आवाज अशक्त पण धारदार. काळी आतून पोकळ. तिचे पिकअप जाड, आवाज भरदार, आणि जरा जास्त जोर दिला की स्पीकरमधला आवाज तिच्याच पोटात शिरतो, घुमतो आणि ती किंचाळू लागते. डिजिटल अँपमध्ये प्रत्येक गिटारीसाठी वेगळी जुळवणी करून ती जतन करता येते. तिला आम्ही प्रीसेट म्हणतो. गिटार बदलली की पायाने बटण दाबायचे, प्रीसेट बदलतो. पांढरीला आत येतानाच जोर द्यावा लागतो आणि वरची धार घासावी लागते. काळीचा जोर कमी ठेवायचा, खालचा फुगवटा काढायचा, आणि ती ज्या सुरावर किंचाळते तेवढा सूर चिमटीत धरून खाली दाबायचा. आधी दोघींची पातळी सारखी करायची, मग जाडी, मग धार. हा क्रम उलटा केला की कान फसतो, कारण मोठा आवाज माणसाला नेहमी चांगलाच वाटतो. श्रोत्याला कळताही कामा नये की गिटार बदलली. एवढ्यासाठी मी दूध ठेवून बसायचो.

पांढरीचे माप काळीला लावले तर काय होईल, हे मला जगात सगळ्यांत चांगले माहीत होते.

कलम ४. पांढरी गिटार माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्या एकुलत्या मुलीला. तिचा हात बापापेक्षा हलका आहे.

कलम ५. काळी गिटार कोणालाही देऊ नये, असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. काळी गिटार धाकट्याला परत द्यावी. ती त्याचीच आहे. अकरा वर्षे ती माझ्याकडे आहे, कारण तो म्हणाला होता, "दादा, माझ्या नजरेसमोर नको."

कलम ६. डिजिटल अँप, त्याचे पायाचे बटण आणि सोबतचा कॉम्प्युटर, ज्यात सगळे प्रीसेट आहेत. हे हत्यारांसोबतच द्यावे. घेणाऱ्याने एक्केचाळीस नंबरचा प्रीसेट उघडू नये. निदान कानात काही घालून उघडू नये.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. त्याआधीच्या मंगळवारी धाकटा मला म्हणाला, "कानातल्या मॉनिटरमध्ये तो लिमिटर नको, दादा. आवाज चेपल्यासारखा होतो." मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचे वाजवणे ऐकू यावे म्हणून कानात घालायची बोंडे; लिमिटर म्हणजे आवाजाला ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारा पहारेकरी. मी दोनदा नको म्हणालो, तिसऱ्यांदा काढून टाकला. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास हॉलमध्ये आवाज जुळवून झाल्यावर त्याने मला बाजूला घेतले.

"दादा, रागावू नकोस. पुढच्या दौऱ्याला आवाजासाठी दुसरा माणूस घेतोय."

"माझं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. पण तुझ्याकडून सगळं फार नीट येतं रे. जीव येत नाही त्यात."

एवढे बोलून तो मुलीला घेऊन समोरच्या दुकानात बूट घ्यायला गेला. तिच्या एका बुटाचा तळ सुटला होता.

मी मंचाच्या बाजूला माझ्या खुर्चीवर बसून राहिलो. मग काळीचा प्रीसेट उघडला, त्यात पांढरीचे माप भरले, वर जोर आणखी वाढवला आणि जतन केले. त्याची फजिती व्हावी, लोकांसमोर ती गिटार एकदा किंचाळावी आणि माझ्याशिवाय चालत नाही हे त्याला कळावे, एवढेच माझ्या मनात होते, असे मी अकरा वर्षे स्वतःला सांगत आलो. लिमिटर काढल्याचे विसरलो होतो, असेही सांगत आलो. हे मृत्युपत्र मी शुद्धीवर राहून लिहीत आहे, म्हणून लिहितो की मला ते आठवत होते.

चौथ्या गाण्याला त्याने काळी गळ्यात घातली आणि बटण दाबले. पहिला सूर निघायच्या आत तो आवाज सुरू झाला. बाहेर लोकांना तो तीन-चार सेकंद कर्कश वाटला असेल. धाकट्याच्या कानात तो सरळ शिरला. कानातून मॉनिटर ओढून काढताना तो गुडघ्यांवर आला. लोक धाकट्याकडे धावले. मी मशिनकडे धावलो. पाच मिनिटांत काळीचा प्रीसेट पूर्ववत केला. बिघडवलेला मात्र पुसवेना. तो जसाच्या तसा, जतन केल्याच्या वेळेसकट, एक्केचाळीस नंबरला हलवला.

डावा कान गेला तो गेलाच. उजव्यात शिट्टी राहिली. दवाखान्यात सगळ्यांनी विचारले, झाले काय. पडल्या पडल्या तो म्हणाला, "माझाच पाय चुकला. पांढरीचं बटण दाबलं गेलं." मी त्याचा हात हातात घेऊन म्हणालो, "होतं असं कधीकधी." हे वाक्य मी बोललो, याची नोंद व्हावी.

तो आता शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके लावतो. शांततेत कान जास्त वाजतो, हे त्यानेच मला सांगितले होते.

गेल्या वर्षीपासून पुतणी दर गुरुवारी दुपारी चारला माझ्याकडे आवाज जुळवायला शिकते. तीन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर चाळता चाळता ती थांबली.

"काका, हा एक्केचाळीस कसला? नाव काळीचं आहे, आकडे पांढरीचे."

"जुना आहे. चुकून झालेला."

"त्या कार्यक्रमाच्या शनिवारी, संध्याकाळी पाच चाळीसला जतन केलाय." ती पडद्याकडेच बघत होती. "त्या वेळी बाबा माझ्यासोबत बुटांच्या दुकानात होते."

मी चहा ठेवायला उठलो. परत आलो तेव्हा ती दुसऱ्याच प्रीसेटवर काम करत होती. त्या दिवसानंतर तिने तो विषय काढलेला नाही. मात्र दर गुरुवारी ती काळी जोडते, पडदा मला दिसणार नाही असा फिरवते, आकडे बदलते आणि हेडफोन माझ्यापुढे धरते. "काका, तुम्ही कानात ऐकून सांगा ना, बरोबर आहे का." आवाज अगदी नम्र असतो. कोणता प्रीसेट लावलाय, हे ती सांगत नाही. मी विचारत नाही. मी हेडफोन घालतो आणि तिचे बोट तारेवर पडेपर्यंत श्वास धरून बसतो. गेले बारा गुरुवार आवाज बरोबर निघाला. आज तेरावा आहे.

माझ्या कानांना काही झाले तर तिला कोणीही जबाबदार धरू नये, हे या कलमाचे प्रयोजन. माझ्या मृत्यूनंतर हे सहावे कलम धाकट्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ७. अंमलबजावणी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी करावी. त्यांनी ती आढेवेढे न घेता मान्य केली आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. वेळ सकाळी अकरा.

पुरवणी, त्याच दिवशी, सायंकाळी साडेपाच

साक्षीदारांना दुसऱ्यांदा बोलावावे लागले. खालचे शिंपीमामा म्हणाले, "एका दिवसात दोन मृत्युपत्रं करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." त्यांची क्षमा मागून पुढील लिहितो.

पुतणी चारला आली. काळी जोडून तिने हेडफोन पुढे केले. मी ते न घेता सकाळचा कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्याउभ्या वाचला. सहाव्या कलमाशी ती खाली बसली. पुन्हा वाचला.

"बाबांना माहीत आहे," ती म्हणाली.

"तू सांगितलंस?"

"त्यांनी मला सांगितलं. एक्केचाळीसबद्दल मी घरी विचारलं त्या दिवशी. बटण दाबल्यावर त्यांनी खाली बघितलं होतं, काका. आकडा बरोबर होता. पाय बरोबर होता. आवाज चुकीचा होता, आणि त्या आकड्यात आवाज भरणारा माणूस एकच होता."

"मग 'माझाच पाय चुकला' असं का म्हणाला?"

"आजी होती ना तेव्हा. तिच्यासमोर नाही म्हणाले." ती कागदाची कड सरळ करत राहिली. "आणि नंतर तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, होतं असं कधीकधी. तिथून पुढे ते थांबले. बघू म्हणाले, दादा कधी सांगतो."

"आणि तू दर गुरुवारी..."

"ते माझं मीच करत होते. तुम्ही एकदा तरी नको म्हणाल असं वाटायचं. तुम्ही प्रत्येक वेळी घालत होतात."

मी विचारले, बारा वेळा ती कोणता प्रीसेट लावायची. ती म्हणाली, "दोनदा एक्केचाळीस लावला होता. वाजवायच्या आधी काढला."

घराबद्दल ती म्हणाली, की बाबा तुमचा हिस्सा घेणार नाहीत. गिटारही नाही. मेलेल्या माणसाच्या कागदावरून ऐकायला ते अकरा वर्षे थांबलेले नाहीत.

सबब, कलम २ व ५ तूर्त स्थगित. घर व काळी गिटार कोणाला जावी, हे धाकट्याशी बोलणे झाल्यावर लिहीन, वेळ मिळाला तर. कलम ६ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आहेत. मुख्याध्यापिका बाईंनी खोडलेल्या जागी आद्याक्षर केले आहे. बाकी कलमे कायम.

सही करून मी हा कागद पाकिटात घालून खिशात ठेवणार होतो. पुतणी दार उघडून उभी आहे. ती म्हणते, "कागद राहू द्या, काका. तोंडाने सांगा."

कागद बाईंकडे ठेवून मी निघत आहे.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार:
१. निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारील घर (सही, दोन्ही वेळची)
२. शिंपी, तळमजला (सही, दोन्ही वेळची)

ठिकाण: राहते घर, रस्त्याकडची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार