राहिलेला उखाणा

कल्याण, मार्गशीर्ष, शके १८१९

स्वामींच्या चरणी,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले, तरी मनातलं सांगायला तुमच्यापुढंच बसते. अक्षरं तुम्हीच शिकवलीत. बोलताना माझी जीभ अडते, लिहिताना नाही.

परवा तुमच्या राहिलेल्या पगाराचे कागद करायला रेल्वेच्या कचेरीतले कारकून ओटीवर आले होते. मी दाराआड उभी होते. त्यांनी विचारलं, "यजमानांचं नाव?" भावोजी सांगणार, तोच मनात आलं, हेही दुसऱ्यानंच घ्यायचं का? मी म्हटलं, "त्र्यंबक महादेव पेंडसे." कुठंच अडखळले नाही. भावोजी वळून बघत राहिले.

लग्नाच्या वरातीनंतर बायकांनी उंबरठ्यावर वाट अडवली होती, नाव घेतल्याशिवाय आत सोडीनात. मी मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, "सोडा तिला, तिला जमायचं नाही." त्या दया करून बोलल्या आणि मी ते जन्माचं धरून बसले. पुढं हळदीकुंकवाला कुणी विचारायच्या आत मीच सांगायची, मला जमत नाही.

एकदा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, अडली जीभ तर अडू दे. मी थांबेन." मी चुलीकडे तोंड फिरवलं.

आता मला उखाणा कोण घ्यायला सांगणार? पण आज तांदूळ निवडताना आपसूक जुळला. तुम्ही तारमास्तर, म्हणून तारेचाच:

तार जाते मुंबईला पापणी लवायच्या आत,
त्र्यंबकराव थांबले होते, मीच अडले दारात.

तुमचीच,
सगुणा