टायरच्या दुकानाच्या छतावरून

नॉरफोक, व्हर्जिनिया
ता. १२ ऑक्टोबर

प्रिय मर्ल,

थोरल्या भावाला धाकट्याचा आदरपूर्वक नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. तिकडे तुम्हीही खुशाल असाल असं धरून चालतो, कारण कळायला दुसरा मार्ग नाही. तुझा गुडघा कसा आहे? डुलूथच्या थंडीत तो जास्त दुखत असणार. नोरीन वहिनींनी गेल्या नाताळला पाठवलेलं कार्ड मिळालं. (त्यावर सही त्यांची एकटीचीच होती. गेली नऊ वर्षं ती एकटीचीच असते. कार्ड मात्र तू निवडत असावास, कारण प्रत्येकावर मासे पकडणारा माणूस असतो आणि वहिनींना मासे आवडत नाहीत.)

माझ्या कार्यक्रमाबद्दल तुला काही ऐकायचं नसणार हे मी जाणतो, पण माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाही. तुला गाव सोडून बरीच वर्षं झाली म्हणून सांगतो. सकाळी फक्त खेळांवर बोलणारी रेडिओ केंद्रं आता इथे तीन आहेत आणि खेळांवर बोलावंसं वाटणारी माणसं, माझ्या मोजणीप्रमाणे, अकरा. अर्धं गाव आरमारातलं. नाविक येताना आपला संघ घरून घेऊन येतो आणि तीन वर्षांनी बदली झाली की बोचक्यात घालून परत नेतो. आपला म्हणावा असा तो एक दुय्यम दर्जाचा बेसबॉल संघ, त्यात एखादा पोरगा जरा बरा खेळायला लागला की वरचा संघ त्याला उचलून नेतो. म्हणजे जीव लावण्याची सोयच नाही. खेळाच्या रेडिओला चिडलेला श्रोता लागतो आणि आमचे श्रोते समजूतदार आहेत. संघ हरला तर ते म्हणतात, चालायचंच. त्यातून आम्हाला ऐकतात ते बहुतेक खाडीखालच्या बोगद्याच्या तोंडाशी अडकलेले असतात. रस्ता मोकळा झाला की श्रोते गेले. रोज सकाळी केंद्रावर जाताना मी देवाकडे काय मागतो हे सांगायची मला लाज वाटते. (कोणाला खरचटूही नये. फक्त एखादा ट्रक जरा आडवा व्हावा.)

तीन केंद्रांपैकी एक आमचं. दुसऱ्यावर स्किप मॅब्री, जो 'सुप्रभात'सुद्धा कोणाला तरी बडतर्फ केल्यासारखं म्हणतो. तिसऱ्या केंद्रावर माणूसच नाही. त्यांचं सगळं बोलणं न्यूयॉर्कहून येतं, मधे मधे एक मुलगी आमच्याकडचं हवामान सांगते, आणि गावाचं नाव ती असं उच्चारते की ती इथे कधी आलेली नाही हे पोरालाही कळावं. ते केंद्र आम्हा दोघांच्या पुढे आहे. यावर मी काही बोलत नाही. बोललो तर माझा रक्तदाब चढतो, आणि तुला ठाऊक आहे की तो बाबांचाही चढायचा.

स्किपशी माझं खरं वैर आहे ते मिस अर्नेस्टीनवरून. या बाई शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं राबून निवृत्त झाल्या, आणि या गावात रोज न चुकता फोन करणारं माणूस म्हणजे त्याच. आमच्याकडे सव्वासातला त्या म्हणायच्या की प्रशिक्षकाला घरी पाठवा. एकदा स्किपने त्यांना हॅम भेट पाठवल्याचं कानावर आलं. मी त्याहून मोठा पाठवला. (दोन्ही चर्चच्या जेवणात खपले. मीही तिथे जेवलो, स्किपचा जास्त मऊ होता.) मग एका सकाळी मी दात काढायला रजा घेतली. डॉक्टरच्या दारात बसून स्किपचं केंद्र लावलं, तर मिस अर्नेस्टीन तिथे तावातावाने सांगत होत्या की प्रशिक्षकाला हात लावाल तर खबरदार. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कार्यक्रमातच जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे बाळा, तो म्हणतो काढा आणि तू म्हणतोस ठेवा. समोर नाही म्हणणारं कोणी नसलं की माणूस स्वतःलाच देव समजायला लागतो. तुम्हा दोघांनाही कोणीतरी नको का?"

यावर मी तीन सेकंद गप्प राहिलो. रेडिओवर तीन सेकंद म्हणजे मयत. आमचे व्यवस्थापक पेंडरग्रास यांनी ती मोजली. त्याच दुपारी त्यांनी मला बोलावून सांगितलं की ऑक्टोबरअखेर फोनचे दिवे लागले नाहीत, म्हणजे श्रोत्यांचे फोन आले नाहीत, तर एक नोव्हेंबरपासून केंद्रावर चोवीस तास नाताळची गाणी लागतील आणि माझी गरज उरणार नाही. मर्ल, सव्वीस वर्षं बोलून बोलून मी शेवटी 'जिंगल बेल्स'मधल्या घुंगरांच्या गाडीला हरणार. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून मी छतावर चढलो. संघ जिंकेपर्यंत खाली उतरणार नाही, अशी शपथ मी कार्यक्रमातच घेतली, आणि लिटल क्रीक रस्त्यावरच्या टायरच्या दुकानाच्या छतावर तंबू ठोकला. (आमच्या धंद्यातला हा जुना रिवाज आहे. दुसऱ्या गावांत अशा माणसाला बघायला गर्दी जमते, बँड येतो.) दुसऱ्या दिवशी स्किपने समोरच्या गाद्यांच्या दुकानाच्या छतावर चढून तीच शपथ घेतली. गर्दी जमली नाही. पहिल्या दिवशी एका बाईने गाडी थांबवली, तेव्हा मला भरून आलं. ती विचारत होती की छताची गळती काढायला मी काय घेतो. स्किपला दोघींनी विचारलं, हे तो मला रस्त्यापलीकडून ओरडून सांगत असे.

संघ ओळीने चार सामने हरला. माझी चूक अशी की शपथ घेताना मी वेळापत्रक पाहिलं नव्हतं. हंगामाचे पाचच सामने उरले होते आणि पाचव्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. सामना रद्द झाला, हंगाम संपला, आणि पुढचा सामना एप्रिलात. म्हणजे शपथ पाळताही येईना आणि मोडताही येईना. माझी सहकारी रोझलिन (फोन घेणं, यंत्र सांभाळणं आणि मला सावरणं ही तिन्ही कामं तीच करते) खालून म्हणाली की साहेब, उतरा, कोणी बघत नाहीये. पण स्किप बघत होता. जो आधी उतरेल त्याची दुसरा वर्षभर टर उडवणार होता, त्यामुळे दोघंही आपापल्या तंबूच्या दारात मांडी घालून भिजत बसलो.

दुपारी पाऊस कमी झाल्यावर स्किपच आधी बोलला. ओरडला नाही. रस्त्यावर इतकी शांतता होती की त्याला ओरडायची गरज पडली नाही. त्याने विचारलं की तुझ्या भावाचं काय झालं. मी म्हटलं, कुठल्या भावाचं. मग तो म्हणाला, "ज्याच्या हातून झेल सुटला त्याचं. नऊ वर्षांपूर्वी तू ते रेडिओवर सांगितलंस, तेव्हा मी बोगद्यापाशी अडकलो होतो. तासभर तुलाच ऐकलं, आमचं केंद्र लावलं नाही. तुझा तो सगळ्यात चांगला तास होता, ट्रेडवे, आणि ते ऐकताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस घरी जाऊन कसा जेवणार."

त्या तासाला सव्वीस फोन आले होते, मर्ल. इतके त्याआधीही आले नाहीत आणि नंतरही नाहीत. एवढ्या थंड गावाला माझ्या सख्ख्या भावाने शाळेच्या शेवटच्या वर्षी, अंतिम सामन्याच्या शेवटच्या फेकीवर सोडलेला झेल तेवढा तापवून गेला. त्या दिवशी मी जेवलो होतो. चांगला पोटभर जेवलो होतो, हे मी स्किपला सांगितलं नाही.

साडेतीनला मिस अर्नेस्टीन छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मी तीन म्हणेपर्यंत दोघंही शिडीवर दिसले पाहिजेत. आम्ही एकाच वेळी उतरलो. बघायला त्यांच्याशिवाय आणि रोझलिनशिवाय कोणी नव्हतं. बाईंनी आम्हा दोघांना डब्यातले हॅम घातलेले छोटे पाव दिले आणि आम्ही ते गाद्यांच्या दुकानात उभ्याने खाल्ले.

इथलं बाकी सगळं ठीक आहे. प्रकृतीला जपून राहा. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
एल्डन

ता.क. — एक बारीकसं काम होतं. एखाद्या गुरुवारी सकाळी आठला कार्यक्रमात फोन करशील का? नंबर पाकिटाच्या मागे आहे. खरं नाव सांगायची गरज नाही, 'डुलूथचा एक जण' म्हटलंस तरी पुरे. मी काहीही म्हटलं की तू त्याच्या उलट बोल. हे तुझ्याइतकं कोणालाच जमत नाही. दिवे लागले तर माझी नोकरी राहील.

ता.क. दुसरा — वरचं पुन्हा वाचलं. लबाडासारखं झालं आहे. तो झेल तुझ्या हातून सुटला असं मी रेडिओवर सांगितलं. चेंडू उंच होता, मर्ल. उंच होता आणि तुझ्या मागे होता. मी घाबरून फेकला होता. मैदानावरच मला हे कळलं होतं आणि तुलाही. तू तेव्हाही कोणाला सांगितलं नाहीस आणि सव्वीस फोन आल्यानंतरही नाही.

ता.क. शेवटचा — पाकीट बंद करत होतो तेवढ्यात रोझलिन कागद घेऊन आली. पेंडरग्रासना धीर धरवेना. नाताळची गाणी येत्या सोमवारपासूनच. म्हणजे गुरुवारी कार्यक्रम नसेल आणि तुझ्या फोनने माझं काही वाचणार नाही. पण नंबर महिनाअखेरपर्यंत चालू ठेवणार आहेत, आणि रोझलिनने केंद्राची किल्ली मला दिली आहे. दर गुरुवारी आठला मी तिथे एकटा बसेन. तू फोन केलास तर कोणी ऐकणार नाही. तरी कर. तू नेहमी म्हणायचास की मी तुला वाक्य पुरं करू देत नाही. या वेळी मधे बोलणार नाही.