सात नंबरची अर्थिंग

१० जानेवारी २००५, सोमवार

आले एकदाची लातूरला! नांदेडपासून एसटीत उभी होते, तरी खुशीत उतरले. आप्पासाहेब सरांच्या क्लासची नवीकोरी कॉम्प्युटर लॅब आता माझ्या ताब्यात. तळमजल्यावर वीस मशीन, फरशीला अजून ओल्या सिमेंटचा वास. पोरं इथे सराव परीक्षा मशीनवर देणार, असं लातुरात कुठेच नाही म्हणून सरांची छाती फुगलेली. गल्लीत जिकडे बघावं तिकडे क्लासच्या पाट्या, मेस आणि सायकली. खोली सौदामिनीकाकूंकडे मिळाली. जेवण त्यांच्याच हातचं, कडक भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. माझी मूळ प्रमाणपत्रं सरांनी कपाटात ठेवून घेतली. इथे सगळे क्लासवाले असंच करतात म्हणे. मला जरा खटकलं, पण पहिल्याच दिवशी तोंड कशाला वाजवा.

१३ जानेवारी, गुरुवार

सात नंबरच्या मशीनला कीबोर्ड सापडत नाही. चालू केलं की पडद्यावर ओळ येते, कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. अरे गाढवा, कीबोर्डच नाही तर दाबू काय, कपाळ? पिना सरळ आहेत. सहाचा कीबोर्ड साताला लावला, सापडला नाही. साताचा सहाला लावला, मुकाट चालला. उलटा करून आपटला तर बटणांखालून पांढरी माती पडली, पिठासारखी मऊ. कालच तर पुसला होता. झाडणाऱ्या बाईंवर उगाच ओरडले.

१५ जानेवारी, शनिवार

घरून फोन आला. उमरीच्या शाळेत माझी नेमणूक झाली! एक तारखेच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तीन वर्षं वाट बघितली या नोकरीची. पळत सरांकडे गेले. ते म्हणाले, तेवीसला मोठी परीक्षा आहे, वीसच्या वीस मशीन चालू करून दे आणि कागद घेऊन जा. माझेच कागद, आणि मीच भीक मागायची! अंगाचा तिळपापड झाला.

१७ जानेवारी, सोमवार

हार्डवेअरवाले मकसूदभाई आले. पोर्ट बदलला, मदरबोर्ड पुसला, सगळं केलं. शेवटी वैतागून कीबोर्डच काढून टाकला आणि मशीन चालू केलं. ओळ आली नाही. कीबोर्ड लावलेलाच नाही, तरी मशीनला सापडला! मकसूदभाई हसले आणि मग हसायचे थांबले. वायर कुठे जाते ते बघायला टेबलाखाली घुसले. साताच्या अर्थिंगची तार फरशीतून खाली जोत्याच्या भरावात गाडली आहे.

भराव कसला ते सरांना विचारलं तर ते फुशारकीने सांगायला लागले. "भूकंपात बसलेलं गाव होतं, मोकळंच पडलं होतं. तिथली दगडमाती ट्रॅक्टरनं आणून जोतं भरलं. लई नामी माती हाय, गार. अर्थिंगला तर एक नंबर."

मकसूदभाईंनी अवजारं गोळा केली. जाताना मला एवढंच म्हणाले, "बेटी, ये काम मेरेकू नक्को. तू बी इथं थांबू नको." मग कुठे जाऊ? कागद कोण देणार, यांचा बाप?

१८ जानेवारी, मंगळवार

सरांकडून गावाचं नाव काढून घेतलं होतं, ते काकूंना सांगितलं. तव्यावरची भाकरी तशीच करपली. त्यांचं माहेर ते. माळवदाची घरं होती, छतावरची सगळी पांढरी माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. त्या गावची चिमूटभर मातीसुद्धा कुणी उचलून आणत नाही, वर्षातून एकदा नैवेद्य ठेवून मागे न बघता परततात. त्यांचा भाऊ दुपारपर्यंत खालून ठोकत होता. तीनदा ठोकायचा, थांबायचा, परत तीनदा. "ऐकू येत होतं गं. पण हाताला लागत नव्हता. मग न्हाई आलं ऐकू." एवढं बोलून त्या आत गेल्या.

मी जेवले नाही. माणसं आहेत त्या मातीत, आणि या हलकटाने तिच्यावर क्लास बांधला.

२० जानेवारी, गुरुवार

भरदुपारी, बॅच चालू असताना. सात नंबरवर कुणी नव्हतं. कीबोर्ड कपाटात होता. पडद्यावर एकच अक्षर उमटलं, तीनदा. थांबलं. परत तीनदा.

सरांना ओढत आणलं. ते म्हणाले, व्हायरस असेल. व्हायरस!

२२ जानेवारी, शनिवार

भांडले. सगळ्या स्टाफसमोर भांडले. माती काढा, म्हटलं. निदान ती तार तरी तोडा. "लई नाटकं करून राहिली तू," म्हणाले. आणि कपाटाची किल्ली माझ्यासमोर खिशात टाकली.

भीती वाटते. पण राग जास्त आहे. उद्या सकाळी मीच तोडते. मशीन चालेल, कागद घेईन, तडक उमरी.

२३ जानेवारी, रविवार

टेबलाखाली आहे. पक्कड तारेला लावली आणि फरशी खचली— खाली गेले, छातीपर्यंत मातीत— डोक्यावर फरशी परत बसली. तोंडात टॉर्च आहे. वही पिशवीत होती म्हणून—

टॉर्च काढून ओरडून बघितलं. तोंडात माती जाते.

वर पावलं. सर आहेत. मी फरशीवर ठोकतेय. तीनदा. थांबून तीनदा. दुसरं काही सुचत नाही—

सरांचा आवाज येतो. अक्षरं उमटून राहिली म्हणतात. खूश आहेत. म्हणतात, बघा, सापडला कीबोर्ड. पोरगी कामाची निघाली, तिचे कागद काढून ठेवा टेबलावर.

माझे कागद. वर. हातभर अंतरावर—

सर! अहो सर, मी—

पोरं आत येऊन राहिली. खुर्च्या सरकवतात. सात नंबरवर कुणीतरी बसलं. ठोकते. ठोकते. सर म्हणतात, अक्षरं आपोआप येतात तिकडे लक्ष देऊ नको, पेपर सोडव—

माती गळ्याशी. गार आहे.

हात थांबवला मी. ठोकणं थांबलं नाही. माझ्या शेजारी, अगदी कानापाशी, कुणीतरी तीनदा—