रेडिएटरमधली हळद

अहो,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण पेन तिथेच अडलं. तुमच्या गाडीच्या रेडिएटरमधून निघालेली हळद पाहिल्यापासून तो शब्द काही हाताला येत नाही. तेव्हा नुसतं ‘अहो’. जिवंतपणी एवढ्यावर तुमचं भागत होतं, आताही भागेल.

हळद! आपण फोडणीत टाकतो ती. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर टाकली की भोक बुजतं, हे ज्ञान पांढुर्ण्यातल्या कुठल्याही पानटपरीवर फुकट मिळतं. तिथे उभे राहणारे सगळेच इंजिनिअर. त्यांचं तुम्ही ऐकलंत. घरात जन्मभर कॉन्व्हेंट शाळेत विज्ञान शिकवलेली बायको होती, तिला विचारलं असतंत तर काय कमीपणा आला असता? मी सांगितलं असतं, की भोक कुठलं आणि नळी कुठली हे हळदीला कळत नाही. ती दोन्ही बुजवते.

पण कॉन्व्हेंटवालीला क्लच काय कळणार! तुमचंच वाक्य. माझं लायसन्स पर्समध्ये म्हातारं झालं, गाडी मात्र तुमचीच राहिली. तुम्ही गेलात तर किल्ली तुमच्या धाकट्या भावाकडे, प्रभाकरभाऊजींकडे गेली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. जणू मीही मागच्या सीटचं कव्हरच.

आणि मला गाडी कशाला हवी असते? जत्रा हिंडायला? लोधीखेड्याला माझी धाकटी बहीण कुसुम खुब्याचं ऑपरेशन होऊन पडली आहे. तिचा मुलगा पुण्यात. बसमध्ये चढायचं तर माझे गुडघे कुरकुरतात. दर रविवारी येईन असा मी तिला शब्द दिला आहे. पण प्रभाकरभाऊजींना सवड असेल तोच माझा रविवार. त्यांच्याकडे लग्न, तेरवी, साक्षगंध काही निघालं की कुसुम दाराकडे बघत बसते.

गेल्या रविवारी एकदाची सवड मिळाली. सौंसरच्या अलीकडे तापमानाचा काटा वर चढायला लागला. मागून मला स्पष्ट दिसत होता.

“भाऊजी, गाडी गरम होऊन राहिली. थांबवा.”

“चालते वहिनी! दादाची गाडी हाय. तिले आदत हाय.”

बॉनेटखालून वाफ आली आणि आदत संपली. एका संत्र्याच्या बगिच्याच्या धुऱ्याशी गाडी थांबली. भाऊजी दुपट्टा हाताला गुंडाळून निघाले रेडिएटरचं झाकण उघडायला.

“आत्ता उघडू नका. आधी थंड होऊ द्या.”

“तुमी आत बसा ना जी वहिनी. हे बायाइचं काम नाही.”

बसले. काचसुद्धा वर करून घेतली.

झाकण फिरलं मात्र, पिवळ्याजर्द पाण्याचं कारंजं उडालं! भाऊजींनी या वयातही उडी मारली म्हणून तोंड वाचलं, बोटांवर निभावलं. पण तो पांढरा शर्ट! साठी उलटलेला माणूस भर रस्त्यात नवरदेवासारखा हळदीने माखून उभा. मी माझी पिण्याच्या पाण्याची बाटली त्यांच्या बोटांवर रिकामी केली आणि मग विचारलं, “हे पिवळं काय आहे?”

“हळद व्हय न. दादा नेहमीच टाके. शनिवारी जामसावळीले निघाच्या आंधी. मंग मारुतीरायाच्या भरोशावर.”

मारुतीरायाने डोंगर उचलला हे मान्य. पण तुमचा रेडिएटरही त्यानेच सांभाळावा? दर शनिवारी? तुम्ही नमस्कार करायला जात होतात की त्याला कामाला लावायला?

आणि पुढचं ऐका. भाऊजी बोटांवर फुंकर घालत म्हणाले, “खाली परात ठेवे दादा, टपकलेलं पाणी पकडाले. तुमाले नाही मालूम?”

माझी परात! माझ्या आईने दिलेली, पुरणपोळीची कणीक ज्यात तिंबायची ती पितळी परात! सगळं घर पालथं घातलं होतं मी. आणि तुम्ही शांतपणे चहा पीत म्हणालात, “यमुनाबाईनं नेली असेल.” आपली भांडी घासणाऱ्या त्या भल्या बाईवर आळ, आणि परात गाडीखाली! चोर परवडला हो, त्याला निदान लाज असते.

ट्रॅक्टरला बांधून गाडी सौंसरच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकने रेडिएटर काढला, आत बॅटरी मारली आणि हसला. “मॅडम, अंदर पिठलं झालं हाय.”

होणारच. हळद आणि त्यावर आपल्या बोअरचं जड पाणी. त्याच पाण्याने आपल्या चहाच्या पातेल्याला पांढरा पापुद्रा धरतो. तो रोज तुमच्या नाकासमोर होता ना? रेडिएटरमध्ये कूलंट भरायचं असतं, ते गंज धरू देत नाही, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलं आहे. पण ती वाचणं म्हणजे हार मानणं.

मेकॅनिकही तुमच्याच पंथाचा निघाला. “धुऊन कथिलाचा एक डाग लावून देतो, वरून हळदीची एक पुडी टाकतो. चालून जाईन.”

“किती दिवस चालेल?”

“आता ते कोण सांगन, मॅडम?”

तेवढ्यात भाऊजी पुढे सरकले. पिवळ्या शर्टात, अगदी मधाळ आवाजात. “वहिनी, कायले झंझट पाळता? गाडी मले देऊन टाका. कुसुमताईकडे जाचं राहिलं की सांगत जा. मी नेऊन देईन ना.”

सांगत जा! म्हणजे उरलेलं आयुष्य मी यांची सवड मोजत बसायचं, आणि कुसुमने दाराकडे बघायचं. मी हात पुढे केला. “किल्ली द्या भाऊजी.” दिली. स्वतःच्या शर्टाकडे बघून दिली असावी. मेकॅनिकला म्हटलं, रेडिएटर नवा, नळ्या नव्या, आणि आत कूलंट. पुडी तुमच्या घरच्या भाजीत टाका.

गॅरेजच्या बाकावर बसून तो काढून ठेवलेला जुना रेडिएटर मी बराच वेळ बघत होते. अहो, संत्र्यांच्या धंद्यात पेटीत एक सडकं संत्रं असलं तर नुसत्या वासावरून ओळखून अख्खी पेटी उलटी करणारे तुम्ही. मग गळती का दडवलीत? आणि ती एकच दडवलीत का? छातीत दुखायचं तेव्हा चिमूटभर ओवा चघळून “गॅस हाय, गॅस हाय” म्हणणारे तुम्हीच ना? नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हे दुखणं आजचं नाही, यांना कधीपासून माहीत असणार. मला का माहीत नव्हतं? कॉन्व्हेंटवालीला तेही कळलं नसतं?

गाडीला हळद, स्वतःला ओवा. आणि मी परात शोधत होते. याची क्षमा एवढ्यात मिळणार नाही. वाट बघा.

नागपूरहून नवा रेडिएटर आला. इंजिन वाचलं होतं. आज मी गाडी घेऊन लोधीखेड्याला गेले. वळणावर दोनदा बंद पाडली, मागच्या ट्रकवाल्याने माझ्या माहेरचा उद्धार केला, मीही काच खाली करून त्याच्या माहेरचा केला. भाऊजी काळजीपोटी सोबत आले होते. मागे बसले होते. काटा मध्यावरून हलला नाही.

कुसुम वॉकर धरून दारात उभी होती. मला स्टिअरिंगमागून उतरताना पाहून म्हणाली, “अवो माय! प्रभाकरभाऊजी कुठी आहेत?”

“मागं बसले हायत,” मी म्हटलं, “पाव्हण्यासारखे.” खूप दिवसांनी ती पोट धरून हसली.

आता वचन देते, नीट ऐका. माझ्या छातीत कळ आली तर त्याच दिवशी कुसुमला सांगेन आणि डॉक्टरकडे जाईन. ओव्याचा डबा स्वयंपाकघरातच राहील. यमुनाबाईला मी सगळं सांगितलं आहे, तुमच्या वतीने माफी मीच मागितली. आणि परात मी घरात परत आणली नाही. ती गाडीखालीच ठेवली आहे, तुम्ही ठेवायचात त्याच जागी. पण मी ती रोज सकाळी दिवसाउजेडी ओढून बघते. आज कोरडी होती. एक थेंब जरी दिसला, तर त्याच दिवशी बॉनेट उघडेन, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगेन, की गळतं आहे.

किल्ली जिच्या पर्समध्ये आहे ती,
विजया