बळीच्या बकऱ्यांची ओळ

३ मार्च

आपल्या गव्हावर तांबेरा!

पानं उलटून उलटून पाहिली. बोटं तांबडी झाली. तांबेरा लागणार नाही असा गहू — सरांनी उभा जन्म घातला त्यात, त्यांच्यामागून मी. सगळं मुसळ केरात.

४ मार्च

सर अंथरुणाला खिळलेत, डोळ्यांनी दिसत नाही. माझी चाहूल लागली की पहिला प्रश्न, "ए मुली, गहू काय म्हणतोय?" पंचावन्न वर्षांची मुलगी! म्हटलं, "मजेत आहे, सर."

स्वयंपाकघरात काकूंना खरं सांगितलं. "त्यांना नको गं सांगूस. आता राहिलेत किती दिवस!" मी तरी कसली सांगते — जीभच रेटत नाही.

६ मार्च

सरांनी आपल्या गव्हाचं पान मागितलं. हात लावून बघायचंय म्हणे.

सगळं रान पालथं घातलं, एक स्वच्छ पान मिळेल तर शपथ! शेवटी कडेच्या ओळीत मिळालं. ही ओळ आम्ही मुद्दाम कच्च्या वाणाची पेरतो. रोग आधी तिच्यावर यावा, तिथून पसरावा, मग कोण तगतं ते बघायचं. सर तिला बळीचे बकरे म्हणतात. तिथल्या एका रोपाचं हिरवंगार पान खुडलं आणि पळत सुटले.

सरांनी अंगठा फिरवला. आपल्या पानावर मेणासारखा थर असतो, याच्यावर नव्हता. हे माझ्या लक्षात यायला नको?

"हे आपलं नाही. कुठून आणलंस?"

"आपलंच आहे, सर."

"अगं, कुठून आणलंस ते सांग!"

पुन्हा पुन्हा तेच. मीही हेका सोडला नाही. इतकी लाज वाटली की पान तिथंच टाकून निघून आले.

७ मार्च

पहाटे सर गेले.

९ मार्च

रान नांगरायला सांगितलं. शेजारच्या शेतांत रोग जायला नको. बांधावर उभी राहून रडले. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "मॅडम, कडेची ओळ पण घ्यायची?"

"घ्या. काही ठेवू नका."

१४ मार्च

काकूंनी ते पान जपून ठेवलंय. "रागावले नव्हते गं तुझ्यावर. शेवटपर्यंत एकच — पान तर बकऱ्यांचं आहे, मग त्याच्यावर तांबेऱ्याचा पुरळ कसा नाही? विचार तिला, ते रोप कुठं आहे."