‘धरलं’ म्हणेपर्यंत सोडू नये

तीर्थरूप मामांना, ऑफिसच्या खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार.

कंबर कशी आहे? मामी म्हणत होती, तुम्ही पुन्हा वजनं उचलायला लागलात. उचलू नका. माळ्यावरचा तुमचा जुना कॉम्प्युटर अजून चालतो ना? (सहज विचारलं.)

आपल्या घरचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे: भांडं देताना समोरचा ‘धरलं’ म्हणाल्याशिवाय हात सोडायचा नाही. (तुमच्या हातून फुटलेल्या काचेच्या बरणीचा विषय मी काढत नाही. आई काढते.) आमचं सॉफ्टवेअर एका मशीनवरून दुसऱ्यावर फायली पाठवतं, आणि त्याची सर्वमान्य नियमावलीही थेट आईसारखी आहे: फायलीचा एक तुकडा पाठवा, पलीकडून ‘मिळाला’ असं उत्तर येऊ द्या, मगच पुढचा. काम चोख, पण गोगलगायीचं. साहेब म्हणाले, “आपण वाट बघत बसतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. सोळा तुकडे एकदम सोड.” मी नियमावलीचं पान दाखवलं. ते म्हणाले, “पान छान आहे. सोड.” मी सोडले. वेग चौपट झाला आणि माझं कौतुक झालं.

मग एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्यांचा कॉम्प्युटर जुना, नियमाने वागणारा. पहिला तुकडा घेऊन तो ‘मिळाला’ म्हणतोय तोवर पुढचे पंधरा अंगावर आले. ते त्याने सोडून दिले. आमच्या सॉफ्टवेअरने मात्र ‘सगळं पोहोचलं’ म्हणून कळवून टाकलं. फाइल होती निकालाची, आडनावांच्या क्रमाने. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, “‘ग’च्या पुढचं एकही मूल पास झालेलं नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?” यादी फळ्यावर लागून गेली होती. पहिली आलेली मुलगी ‘ज’मधली. ती रडत घरी गेली होती.

आता मी दुरुस्ती केली आहे. आधी पलीकडच्याला विचारायचं, ‘एकदम किती झेपतील?’ उत्तर आलं तर तेवढेच पाठवायचे, नाही आलं तर एकेक, आईच्या पद्धतीने. साहेबांना पटलं. लगेच त्यांनी कागद पुढे केला: ‘हे सॉफ्टवेअर नियमावलीप्रमाणे चालतं’, खाली माझी सही, सोमवारपर्यंत. नाहीतर सोमवारपासून माझं टेबल दुसऱ्याचं. जुन्या मशीनवर तपासल्याशिवाय सही करणार नाही, असं कुणीतरी म्हणालं. (ती मीच होते, हे मला जरा उशिरा कळलं.) ऑफिसात सगळी मशीनं नवी, आणि बाई आता आम्हाला त्यांच्या मशीनला हात लावू देत नाहीत.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. तुमचा कॉम्प्युटर बाईंच्या कॉम्प्युटरच्याच वयाचा आहे. चार दिवस द्याल का? नाही म्हणालात तरी राग नाही. उत्तराची वाट पाहते.

आणखी एक ता. क. सोमवार फार जवळ आहे, तेव्हा वाट पाहणं काही जमलं नाही. हे पत्र टेम्पोवाल्याच्याच हाती दिलं आहे; कॉम्प्युटर न्यायला तो तुमच्या दारात उभाच असेल. तुम्ही दुसरं टोक धरायला जाणार, हे मला माहीत आहे. निदान तो ‘धरलं’ म्हणेपर्यंत सोडू नका.