लोणच्याच्या बरणीवरची बाई

श्रीवर्धन, ता. १४ जानेवारी १९३४

ती. हरिमामांस बापूचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल. इकडे काका बरे आहेत, वाडीत सुपारीची काढणी चालू आहे आणि काकू नेहमीप्रमाणे सर्वांवर नाराज आहे, म्हणजे तिची प्रकृती उत्तम.

तुम्ही गिरगावातून पायपीट करून माझी चित्रे जाहिरातवाल्यांना दाखवता, त्यातले साबणाचे परत पोचले. (तुळशीराम पोस्टमन हल्ली पार्सल हातात देण्यापूर्वीच सांत्वन करतो. "मुंबईच्या लोकांना काय कळतंय" असे म्हणून तो ताक पिऊन गेला.) चहाचे चित्र परत आले तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. केसांच्या तेलाचे आले तेव्हा एक वेळ. साबणाच्या दिवशी घरात घावने होती, म्हणून दुःख संध्याकाळवर ढकलले.

गिऱ्हाइकांची मते तुम्ही कळवलीत, ती रास्त आहेत. चहावाल्यांना वाटले, ही बाई चहा देत नसून 'मघाशी घेतलास ना' असे विचारते आहे. तेलवाले म्हणाले, माणूस केसांपर्यंत पोचतच नाही, त्याआधीच मान खाली घालतो. साबणाच्या बाईने तर म्हणे सगळ्या कचेरीला आपापल्या कानामागे हात लावून पाहायला लावले. मामा, तिन्ही बायका एकच आहेत, हे आता तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. श्रीवर्धनात परक्या बाईकडे तासभर टक लावून पाहिले तर पाय धड राहायचे नाहीत. पाहता येईल अशी एकच बाई माझ्यासमोर बसून सुपारी सोलते, आणि ती म्हणजे काकू, तुमची सख्खी बहीण. मी सुरुवात करतो एका लाजऱ्या तरुणीपासून, पण भुवईपाशी आलो की हात आपोआप काकू काढतो. (आई गेल्यावर ह्या घरात आलो, तेव्हापासून ती भुवई पाहूनच आत शिरावे की नाही ते ठरवत आलो आहे.)

सुदैवाने तिला हे कळलेले नाही. चहाचे चित्र लांब धरून ती म्हणाली, "बाई खाष्ट दिसते रे. मीसुद्धा घेतला नसता हिच्याकडून चहा." मग पुठ्ठा जाड आहे म्हणून तिने तो लोणच्याच्या बरणीवर झाकण घातला, आणि तिथेच मला अक्कल सुचली. डॉक्टरांनी बंद केलेले लोणचे काका वर्षभर चोरून खात होते. हे झाकण बसल्यापासून एक फोड कमी झालेली नाही. परवा ते बरणीपाशी गेले, चित्राकडे पाहिले, "पाणी प्यायला आलो होतो" म्हणाले आणि खरोखरच पाणी पिऊन गेले.

पुढचे चित्रही परत आले तर जूनपासून मी बोर्लीच्या शाळेत मास्तर व्हायचे, असे तुमचे आणि काकांचे ठरले आहे. मी मोडता घालणार नाही. फक्त सोबतचे हे चौथे चित्र त्या जंतांच्या औषधवाल्या वैद्यांकडे न्या. ह्या वेळी मी हात आवरलेला नाही. बाईच्या हातात चमचा आहे आणि भुवई पूर्ण वर. तिच्यासमोर तोंड मिटून धरील असे मूल कोकणात तरी नाही. मला मास्तर करू नका, मामा. मुले मला भ्यायची नाहीत, होता तो सगळा धाक चित्रात गेला आहे.

आपला,
बापू

ता. क. चित्र पसंत पडलेच तर वैद्यांना एवढे सांगा की हे चित्र चिकटवलेल्या बाटल्या अलिबागच्या दक्षिणेला पाठवू नका. इथल्या बाजारात काकू स्वतः जाते. खरे म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी एक. पत्राखाली घरच्या प्रत्येकाने दोन ओळी लिहायची आपली रीत आहे, पण आज मुद्दाम कोणाला विचारले नाही. पाकीट चिकटवायला भाताची चार शिते घेऊन येतो, तोवर पत्र ओटीवर सुपारीच्या टोपलीखाली ठेवतो.

चि. हरीस गोदूताईचे आशीर्वाद. टोपली मला लागणारच होती. चहाचे चित्र आले तेव्हाच मी ओळखले होते. पोराचा हात आखडू नये म्हणून बोलले नाही. नाक तेवढे जाड काढतो, ते तू सांग, माझे नाव घेऊ नको. बाटल्या इथेच काय, बोर्लीच्या बाजारातही दिसू देत. आणि वैद्य नको म्हणाले तर चित्र परत पाठवू नको. मला कळव. पुढच्या बोटीने मी येते आणि त्यांच्यापुढे स्वतः उभी राहते.